समुद्राला वारा घालणं

वर्ध्यात एप्रिल लागला की घराघरांतले कूलर बाहेर निघतात. माळ्यावरून, जिन्याखालून, न्हाणीच्या मागून, मागच्या पावसाळ्यात जिथं म्हणून कोंबले असतील तिथून. तो लोखंडी पत्र्याचा चौकोनी देह दोन माणसांनी उचलायचा, तिसऱ्यानं नुसता सल्ला द्यायचा, आणि अंगणात आणून तळाचा गंज खरवडायचा. जाळ्यांतलं जुनं गवत उपसून नवं भरायचं, मोटर बादलीत बुडवून पाहायची, खिडकीला स्टँड लावायचा आणि पायात चप्पल आहे याची खात्री करून बटण दाबायचं. चप्पल महत्त्वाची. आमच्याकडे कूलरला हात लावण्याआधी चप्पल घालणं हा संस्कार आहे, तो मुलांना बाराखडीच्या आधी शिकवतात.

बटण दाबलं की पुढं जून संपेपर्यंत घरात कुणी साध्या आवाजात बोलत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, विदर्भातली माणसं केवढ्यानं बोलतात. अहो, वर्षातले तीन महिने आम्ही कूलरवर मात करून बोलतो. उरलेले नऊ महिने ती सवय मोडायला पुरत नाहीत.

या आवाजातही जाणकारी असते. पंख्याचा घुमारा वेगळा, मोटरीची घरघर वेगळी, पत्र्याची थरथर वेगळी. थरथर थांबवायला कुठं पुठ्ठ्याची घडी खोचायची आणि कुठं विटेचा तुकडा टेकवायचा हे ज्या त्या घराला पाठ असतं. या सगळ्यात माणसं गाढ झोपतात. रात्री दोनला लाइट गेली आणि कूलर बंद पडला की मात्र सगळी आळी एकदम जागी होते. उकाडा जाणवायला अजून पाच मिनिटं असतात; जाग येते ती शांततेमुळे.

अशा गावात माझ्या आतेभावानं आवाज न करणारा पंखा शोधायला घेतला. तोही माणसांसाठी नाही.

आमचा हा दादा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि पिपरी मेघेत राहतो. त्याच्या हॉलमध्ये, जिथं इतरांकडे टीव्ही असतो तिथं, एकशेवीस लिटरचा समुद्र आहे. गोड्या पाण्यातले मासे बऱ्याच जणांकडे असतात. दादाकडे खारं पाणी आहे, त्यात खडक, खडकावर जिवंत प्रवाळ, आणि प्रवाळाच्या आजूबाजूला भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश. शेजारची पोट्टी त्यांना निमो म्हणतात. दोघांनाही निमोच म्हणतात.

मुंबईला असा छंद एक वेळ शोभतो. तिथलं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर उघडलं तेव्हा समुद्र रस्त्याच्या पलीकडेच होता. वर्ध्यापासून तो समुद्र रेल्वेनं साडेसातशे किलोमीटरच्या पुढं. आमच्याकडे तो पाकिटात येतो. एक लिटर आरओच्या पाण्याला साधारण पस्तीस ग्रॅम ते खास मीठ घातलं की समुद्र तयार. साधं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही मोजून घातलेलं असतं. हे पाकीट आत्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं किंमत विचारली. दादानं सांगितली. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘आमी लोणच्यात घालतो ते मीठ नाई चालत त्याईले?’’

मासे आणणं हा रेल्वेच्या वेळापत्रकाचा विषय. मुंबईकडून येणारा डबा वर्ध्याला उतरतो. पण शोभेच्या माशांचा मोठा व्यापार चेन्नईच्या कोळत्तूर भागात, आणि चेन्नईहून दिल्लीला निघालेल्या गाड्या वर्धा स्टेशनाला वळसा घालून सेवाग्रामवरून जातात. म्हणजे मुंबईचा मासा वर्ध्याला आणि मद्रासचा मासा सेवाग्रामला. दादा रात्री-अपरात्री थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन ऑटोनं घरी येतो. एकदा ऑटोवाल्यानं विचारलं, आइस्क्रीम आहे का. दादा म्हणाला, मासे आहेत. ऑटोवाला म्हणाला, मंग बरप कमी दिसते.

प्रवाळाच्या बाबतीत दादा कायद्यानं चालतो, हे त्याच्या वतीनं मीच सांगतो, कारण तो स्वतः सांगायला लागला की जेवण थंड होतं. आपल्या समुद्रातलं खडक बांधणारं सगळं कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच यादीत वाघही आहे. बोरच्या जंगलातला वाघ आणि मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ कायद्याच्या लेखी एका पंगतीला. म्हणून दादाकडे फक्त मऊ जातीचं, यादीत नसलेलं प्रवाळ. आळीतल्या एका काकांना मात्र मंगळ आहे आणि बोटात पोवळं आहे. ते दर महिन्याला येऊन विचारतात की याचा एखादा खडा होईल का. दादा दर महिन्याला सांगतो, हे मऊ आहे. काका दर महिन्याला म्हणतात, माझा मंगळही सौम्यच आहे.

तर या समुद्राला लागतं पंचवीस-सव्वीस अंशांचं पाणी. सत्तावीसपर्यंत ते निभावून नेतं. तिशीला टेकलं आणि तिथंच राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. रंग त्या शेवाळाचा, बरंचसं अन्नही तेच बनवणार. ते गेलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि पुष्कळदा मरतं. जगभरच्या समुद्रांत हेच चाललंय. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक विरंजनाची चौथी लाट जाहीर केली. लक्षद्वीपचं प्रवाळ बत्तीस अंशांना घाबरतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. नवतपा सुरू झाला की पहाटे चारला नळाचं पाणीही कोमट येतं. दादाच्या टाकीत दिवे वरून तापवतात, पाणी फिरवणाऱ्या मोटरी आतून तापवतात आणि वर्धा चारही बाजूंनी तापवतो.

यावर चिलर नावाचं यंत्र मिळतं. ते म्हणजे छोटा फ्रिजच. टाकीतली उष्णता काढून त्याच खोलीत सोडतो, म्हणजे मासे थंड आणि आत्या गरम. शिवाय किंमत अशी, की वहिनीला ती दोन हप्त्यांत सांगावी लागली असती. म्हणून पंखा.

पंखा पाणी थंड करतो कसं, हे वर्ध्याच्या माणसाला समजावण्याची खरं तर गरज नाही. ज्याच्या घरी माठ आहे त्याला ते माहीत आहे. पाणी उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. पण दादा मास्तर असल्यामुळं त्यानं मला आकडे ऐकवले, आणि कबूल करायला हवं, आकडे थक्क करणारे आहेत. एक लिटर पाणी उडालं की साधारण चोवीसशे किलोज्यूल उष्णता जाते. शंभर लिटर पाण्यातून एक लिटर उडालं आणि बाहेरून उष्णता आत आली नाही, तर उरलेलं पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरतं. दादाच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटर उडतं. म्हणजे दीड-दोन वॅटचा एवढासा पंखा दिवसरात्र शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो. एवढं चोख काम करणारा कर्मचारी जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याच कार्यालयात नाही.

त्याला मर्यादा एकच. नुसतं उडवून पाणी किती खाली जाईल ते हवेच्या कोरडेपणावर ठरतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर जो आकडा दिसतो, त्याच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. आणि इथं वर्ध्याचं नशीब उघडतं. मे महिन्यातली दुपार, बाहेर पंचेचाळीस अंश, हवेत दमटपणा दहा-बारा टक्के: ओल्या फडक्याचा आकडा जेमतेम साडेबावीस! बाहेर कावळा चोच उघडून बसलाय, आणि फडक्याला महाबळेश्वर. मुंबईला बाहेर तेहतीसच असतात, पण हवा अशी घामेजलेली की फडकं अठ्ठावीसच्या खाली यायला तयार नसतं. म्हणून मुंबईत कूलर चालत नाही आणि वर्ध्यात चालतो. आणि म्हणूनच नुसत्या पंख्यावर समुद्र थंड ठेवायचा असेल, तर समुद्रकिनाऱ्यापेक्षा वर्धा बरा. हे वाक्य दादानं असं उच्चारलं, जणू वर्धा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये ते राहून गेलं होतं.

तसं पाहिलं तर या विद्येत वर्ध्याचा हात कुणी धरू नये. सेवाग्रामची बापूकुटी अजून उभी आहे: मातीच्या जाड भिंती, बांबू, वर कौलं, उतरतं छप्पर. गांधीजी 1936 साली या गावी राहायला आले ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, एप्रिलात. पुढं तिथं व्हाइसरॉयशी बोलायला टेलिफोन आला. विजेचा पंखा आला नाही. उन्हाळ्यात ते डोक्यावर ओलं फडकं ठेवत, मातीची पट्टी घेत. म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला जो प्रयोग दादा करत होता, तो राष्ट्रपित्यानं थेट डोक्यावर केला होता. आवाज शून्य. खर्च शून्य. फक्त प्रवाळाच्या डोक्यावर फडकं ठेवता येत नाही.

आता पंख्याची निवड.

पहिला पंखा टाकीच्या काठावर चिमट्यानं बसवायचा, चार छोट्या पंख्यांची एक पट्टी असलेला, खास मत्स्यालयासाठीचा. त्यानं पाणी चांगलं उतरवलं. पण रात्री दहाला कूलर लावायच्या आधी घर जरा शांत होतं, तेव्हा आत्या खोलीभर टाळ्या वाजवत फिरू लागली. ‘‘कुठी दिसत नाई, पण कानापाशी वाजून राह्यला.’’ मच्छर मारायची ती इलेक्ट्रिक रॅकेटही चार्ज करून ठेवण्यात आली. शेवटी वहिनीनं पट्टीचं बटण बंद केलं आणि मच्छर मेला.

यातून दादाला पहिला धडा मिळाला. लहान पंखा तेवढीच हवा फेकायला जोरात फिरतो, आणि जोरात फिरणारी लहान पाती बारीक, उंच सुरात गातात. माणसाला भरड आवाज सोसतो. एकसुरी बारीक आवाज सोसत नाही. म्हणून पंखा मोठा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा. कॉम्प्युटरच्या डब्यात बसतात ते पंखे याला उत्तम, एकशेवीस मिलिमीटरचे, जमलं तर एकशेचाळीसचे. बारा व्होल्टवर चालतात, आणि कमी-जास्त व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असला तर सात-आठ व्होल्टवरही चालतात. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज पंधरा डेसिबलनं उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे पंधरानं किती ते बघा. उलट एका पंख्याशेजारी तसाच दुसरा लावला तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलनं. तेव्हा एक जोरात पळवण्यापेक्षा दोन आळशी ठेवावेत. हे गणित दादानं बोर्डाच्या पेपरात घालण्यासाठी जपून ठेवलंय. मला ते गणितापेक्षा आमच्या आळीचं धोरण वाटलं: काम दोघांनी मिळून करावं आणि दोघांनीही घाई करू नये.

पंखा आणायला दादा नागपूरला, सीताबर्डीला गेला आणि मला सोबत घेतलं. दुकानदारानं एक पंखा काढून टेबलावर लावला. दादानं कान लावला.

‘‘याचा आवाज किती?’’

‘‘भाऊ, एकदम पॉवरफुल. दुकानाच्या बाहीर ऐकू येते.’’

‘‘मले आवाज न येणारा पाह्यजे.’’

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ‘‘आवाज नाई येत तर चालू हाय हे समजन कसं?’’ त्यानं विचारलं, आणि हा प्रश्न विदर्भातल्या गिऱ्हाइकाचा अख्खा इतिहास लक्षात घेता चुकीचा नव्हता. आमच्याकडे कूलर घेताना पंखा वाजवून घेतात. हवा किती येते हे नंतर. आधी आवाज भरदार पाहिजे. न वाजणाऱ्या यंत्रानं पैसे घेतले आणि काम केलं नाही असा संशय येतो.

मग दादानं बेअरिंगचा विषय काढला. साधं बुश असलेला पंखा सुरुवातीला गुपचूप असतो. काही महिन्यांनी, विशेषतः आडवा, पाण्याकडे तोंड करून टांगला तर, खरखरायला लागतो. बॉल बेअरिंग टिकतं पण जन्मापासून थोडं बोलतं. तेलाच्या बंद थरावर फिरणारं बेअरिंग सगळ्यांत शांत, आणि मिठाच्या हवेत तेच बरं, कारण समुद्राच्या टाकीवर लावलेल्या पंख्यावर खारे तुषार बसतात आणि वर्ध्याच्या कोरड्या हवेत दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकावर पांढरी मिशी उगवते. ती ओल्या फडक्यानं पुसायची. नॉक्टुआ म्हणून एक ऑस्ट्रियाची कंपनी शांत पंख्यांसाठी नावाजलेली; त्यांचे पंखे तपकिरी आणि क्रीम अशा रंगांचे. दादानं फोनवर फोटो दाखवला. दुकानदार फोटो बघून म्हणाला, ‘‘हा तर जुनाच दिसून राह्यला.’’

शेवटी दोन एकशेचाळीसचे, बंद बेअरिंगचे, काळे पंखे घेतले. खोक्यावर वीस डेसिबल असं काहीतरी लिहिलं होतं. हा आकडा एक मीटरवरून, प्रयोगशाळेतल्या शांततेत मोजलेला असतो. वर्ध्यात ती शांतता मिळवायची तर धाम नदीच्या पात्रात, पवनारच्या पुलाखाली मध्यरात्री जावं लागेल, आणि तिथंही बेडूक आहेत.

घरी आल्यावर पंचायत बसली. पंख्यांच्या चार कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावले, कारण पुष्कळदा आवाज पंख्याचा नसतोच. पंख्याची थरथर काचेला आणि लाकडी झाकणाला लागते आणि ती वाजतात. तोंड सरळ खाली न ठेवता तिरपं ठेवलं, म्हणजे हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाते. मग दादानं डोळे मिटायला सांगितलं आणि बटण चालू-बंद करत प्रत्येकाला विचारलं. वहिनीला काहीच ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं तेव्हा पंखा बंद होता. पुतण्याला सगळं ऐकू आलं, शेजारच्यांचा मिक्सरसुद्धा. आत्या म्हणाली, ‘‘थंड वाटून राह्यलं, म्हंजे चालूच असन.’’ दादानं हा निकाल विजय म्हणून वहीत लिहिला.

त्याच वहीत दुसरा रकाना पाण्याचा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज उडालेलं पाणी गोड्या पाण्यानं भरून काढलं नाही तर समुद्राचं लोणचं होतं. आत्याच्या मिठाची कसर मग अशी भरून निघते. भरायला आरओचंच पाणी लागतं, इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. आरओ मशीन एका लिटरला दोन-तीन लिटर सोडून देतं. ते सोडलेलं पाणी वहिनी बादलीत धरते आणि कूलरच्या टाकीत ओतते. एवढी एक गोष्ट या संसारात कुणाच्या तक्रारीविना चालू होती, आणि भांडण झालं तेही इथूनच.

कारण दादाच्या लक्षात आलं की कूलर चालू असताना त्याचे पंखे ढिले पडतात. कूलर खोलीत गारवा सोडतो तशी वाफही सोडतो. कोरड्या खोलीत ओलं फडकं एकवीसला उतरत होतं. कूलरच्या खोलीत पंचविशीच्या खाली येईना. म्हणजे माणसांचं यंत्र माशांच्या यंत्राचा घास काढतंय. दादानं जेवताना प्रस्ताव मांडला: हॉलमधला कूलर बंद ठेवावा.

मी वर्ध्यात बऱ्याच सभा पाहिल्या आहेत. एवढ्या लवकर एकमत झालेली हीच.

वहिनीनं मात्र मुद्दा सोडला नाही, आणि तिचा मुद्दा बिनतोड होता. ‘‘कूलर बंद केला की खोली अडतीसवर जाते. काच काय फक्त वरूनच आहे? चारी बाजूंनी तापन नाही का?’’ फिजिक्सच्या मास्तराला हे घरातून ऐकावं लागलं. दोन्ही बाजूंना शास्त्र होतं. एक दिवस कूलर लावून आणि एक दिवस न लावता मोजलं, तर थर्मामीटरनं कुणाचीच धड बाजू घेतली नाही. फरक अर्ध्या अंशाचा. टाय झाला की यजमान जिंकतो या नियमानं कूलर चालू राहिला. खिडकी मात्र चार बोटं उघडी ठेवायची ठरली, म्हणजे दमट हवा बाहेर जाते. कूलरवाल्यांचा हा जुनाच नियम, पण दादानं तो स्वतः शोधल्यासारखा सांगितला आणि आम्ही सांगू दिला.

असा तो उन्हाळा पार पडला. नवतप्यात बाहेर शेणाच्या गोवऱ्या स्वतःहून पेटतील अशी अवस्था, आणि टाकीत साडेसव्वीस. निमो आणि निमो मजेत. पंखे सात व्होल्टवर इतके मुकाट फिरत होते की दादा त्यांच्यापुढं कागदाची पट्टी धरून ते फिरताहेत ना हे पाहायचा. त्या खोलीत पासष्ट डेसिबलचा कूलर गर्जत असताना वीस डेसिबलच्या पंख्याच्या शांततेचं त्याला केवढं कौतुक!

मग पाऊस आला.

जुलैत आमच्याकडे पारा तिशीवर उतरतो आणि लोक सुटकेचा श्वास टाकतात. त्या श्वासासकट हवेत पंच्याऐंशी टक्के दमटपणा असतो. ओलं फडकं अठ्ठावीसच्या खाली येत नाही. म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात मजेत राहिलेला समुद्र तीस अंशांच्या जुलैत तापायला लागला. हे शेजाऱ्यांना पटवता पटवता दादाचा घसा बसला. ‘‘आता तं थंडं झालं ना बावा,’’ म्हणून ते त्याच्या पाठीवर थोपटत.

दादानं पंखे सातावरून नवावर नेले, नवावरून बारावर. पाणी उडेना. हवेतच जागा नव्हती. आणि गंमत अशी की जुलैत कूलर बंद असतो, तो कधीच पुन्हा जिन्याखाली गेलेला. वर्षातले हेच दिवस वर्ध्याचं घर खरोखर शांत असतं. पागोळ्या तेवढ्या वाजतात. त्या शांततेत ते दोन शांत पंखे पूर्ण वेगानं घोंगावत बसले. जेव्हा कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं तेव्हा ते गप्प होते, आणि जेव्हा सूतभर फरक पडणार नव्हता तेव्हा त्यांना कंठ फुटला. माझं मत विचाराल तर शांत पंखा निवडायची जागा खोक्यावरच्या डेसिबलमध्ये नाहीच, ती दिनदर्शिकेत आहे. पण माझं मत कुणी विचारलं नाही, कारण प्रवाळ कडेनं फिकट पडायला लागलं होतं आणि वहिनी स्वतः दर तासाला थर्मामीटर बघत होती.

एसीची सूचना तिनंच केली. हॉलमध्ये बसवायचा, सव्वीसवर ठेवायचा. खोलीच सव्वीस असली की टाकीला फार काही करावं लागत नाही, आणि एसी हवेतला दमटपणाही काढतो, म्हणजे पंखे पुन्हा कामाला लागतात. अगदी बरोबर विचार. फक्त आळीत एक अडचण होती. आमच्याकडे ऐपत असली तरी एसी घेणाऱ्याला लोक जरा बघतात. गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात साधेपणाची दहशत अजून शिल्लक आहे. माणूस गाडी घेतो, प्लॉट घेतो, पण एसी घेतला की ‘काऊन, कूलर कमी पडला का?’ असं विचारतात. दादाला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. एसी माशांसाठी होता. स्वतःसाठी घेतला असता तर चैन. मुक्या जिवासाठी घेतला, भूतदया.

बसवला त्या रात्रीपासून घरातल्या सगळ्या गाद्या हॉलमध्ये आल्या. आत्यानं टाकीच्या शेजारची जागा धरली. अर्थात माशांवर लक्ष ठेवायला.

पुढच्या रविवारी मंगळवाले काका आले. गोरसपाकाचा डबा घेऊन आले, म्हणजे काम मोठं होतं. पोवळ्याचा विषय त्यांनी काढला नाही. एसीखालच्या खुर्चीत बसले, दोन मिनिटं डोळे मिटून घेतले, मग स्वयंपाकघरात आपली बायको नाही याची खात्री करून दादाच्या कानाशी आले.

‘‘सर, सगळ्यात सस्ता मासा कोणता, ज्याले एसी लागते?’’

दादानं मास्तरकीला जागून खरं उत्तर दिलं. समुद्राचे मासे महाग. पण साधा गोल्डफिशही खरं तर थंड पाण्यातला, त्यालाही बावीस-तेवीस अंशच मानवतात.

‘‘बावीस?’’ काका म्हणाले. ‘‘तुमच्यापेक्षा चार कमी?’’

सोमवारी त्यांच्याकडे गोल्डफिश आला. एक टनाचा पुरेल की दीड टनाचा लागेल, याची चौकशी चालू आहे.